अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?

राज्यातल्या विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि खरेदी समित्यांचे सदस्य यांस,



मी उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. आपल्यापैकी कित्येकांच्या कॉलेजात मी येऊन गेलो आहे. आपली भेट झाली नसेल, कारण मी येतो तो थेट लॅबमध्ये आणि चहा स्टोअररूममध्ये घेऊन परत जातो. पूर्वी बोलावणं यायचं ते ठरलेल्या कारणांसाठी. सीआरओवर रेघ येत नाही, कॉलरीमीटरचा दिवा गेला, पॉवर सप्लायमध्ये पाल मरून पडली. हल्ली फोन येतो तो असा: "मशीन चांगलं आहे, कॉम्प्युटरही चांगला आहे, पण दोघांना जोडलं की काहीतरी होतं." हे 'काहीतरी' नेमकं काय असतं आणि त्यात आपली सही कुठे कुठे गुंतलेली असते, ते सांगावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी प्राध्यापक नाही. डिप्लोमा केला आणि तीसेक वर्षं सोल्डरिंगचा धूर खाल्ला, एवढीच माझी पात्रता. भाषेत कुठे खरखर आली तर पदरात घ्यावी.

एका तालुक्याच्या गावचं कॉलेज. नाव घेत नाही. घेतलं तर बाकीच्या सगळ्यांना हायसं वाटेल आणि ते मला नको आहे. जुन्या दगडी इमारतीत फिजिक्सची लॅब, अंगणापलीकडे नवी तीन मजली इमारत. लॅबसाठी डीएसओ आला होता, म्हणजे रेघ साठवून कॉम्प्युटरला पाठवणारा नवा सीआरओ. जुन्या लॅबमध्ये इन्व्हर्टरचा पॉइंट नव्हता, म्हणून कॉम्प्युटरची वीज नव्या इमारतीतून, व्हरांड्यातून ओढलेल्या लांब एक्स्टेंशन बोर्डानं आणली. डीएसओची वीज मात्र जुन्या लॅबच्या भिंतीतली. दोघांच्या मध्ये दीड मीटरची यूएसबी केबल, ऑफिसातल्या मोडक्या प्रिंटरची.

एप्रिलच्या शेवटी, प्रॅक्टिकल परीक्षा चालू असताना, ती केबल वितळली. टेबलाच्या सनमायकावर तिचा माग अजून आहे. तपकिरी, नागमोडी, कुणी इस्त्री विसरावी तसा. कॉम्प्युटर गेला. चौकशी झाली, 'केबल हलक्या दर्जाची' असा शेरा पडला, नवी केबल आली, दुसरा कॉम्प्युटर आला. आठ दिवसांत तोही गेला. मग मला फोन.

मी पोचलो तेव्हा केबल काढून ठेवलेली होती. मल्टिमीटर एसीवर ठेवला. एक प्रोब डीएसओच्या बीएनसी सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला लावला, दुसरा कॉम्प्युटरच्या मागच्या स्क्रूला. दोन्ही जागा मुलांचे हात लागायच्या, दोन्ही अर्थला जोडलेल्या असायला हव्यात. मीटरनं ६८ व्होल्ट दाखवले. डीएसओ बंद केला, ६८. कॉम्प्युटर बंद केला, ६८. मग लॅबमधली एकेक वस्तू बंद करत गेलो. कोपऱ्यातल्या मफल फर्नेसचा स्विच पाडला आणि आकडा घसरून चारावर आला. फर्नेसच्या कॉइलचा एक वेढा आतून बॉडीला टेकला होता.

असं झालं की वीज फर्नेसच्या बॉडीवरून अर्थच्या वायरनं जमिनीत जायला हवी आणि एमसीबी पडायला हवा. पण जुन्या इमारतीच्या अर्थला जमिनीत जायची वाटच उरली नव्हती. मग त्या विजेनं मिळेल ती वाट धरली. अर्थपिनमधून डीएसओत, डीएसओतून यूएसबीच्या काळ्या तारेनं कॉम्प्युटरमध्ये, तिथून लांब बोर्डाच्या वायरनं नव्या इमारतीच्या जमिनीत. अख्ख्या लॅबची गळती वाहून न्यायला आपण शिवणाच्या दोऱ्याएवढी तार दिली होती. तिनं ते काम पहिल्या दिवशी थोडा वेळ केलं, हेच नवल.

"अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?" मी विचारलं. विभागप्रमुखांनी क्लार्कला विचारलं, क्लार्कनं इलेक्ट्रिशियनला फोन लावला, इलेक्ट्रिशियन नवा होता. लॅबचे मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "हितंच हुता की, नळाच्या मागं. मी उन्हाळाभर रोज दोन बादल्या पाणी घालायचो त्यात. नॅकची कमिटी यायची हुती तवा समदं सपाट करून फरशी बसवली." फरशी म्हणजे पेव्हर ब्लॉक. लाल-पिवळे, दिसायला छान.

ह्या गोष्टीत कुणी खलनायक नाही. केबल आणणाऱ्यानं लॅबचे पैसे वाचवले, बोर्ड ओढणाऱ्यानं परीक्षा अडू दिली नाही, ब्लॉक बसवणाऱ्यानं अंगण देखणं केलं. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं. केबल कुणाच्याच कामात बसत नव्हती. आणि माझी पहिली तक्रार इथेच आहे. आपल्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये उपकरणाला पान असतं, कॉम्प्युटरला पान असतं, दोघांना जोडणाऱ्या तारेला पान नसतं. ती किरकोळ खर्चात जाते. किरकोळ मानलं की तिच्याकडे कुणी बघत नाही.

बघायला हवं, कारण ती दिसते तेवढी साधी नाही. यूएसबीच्या नेहमीच्या केबलीत चार तारा असतात. लाल तारेत ५ व्होल्ट, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी, आणि काळी ग्राउंडची. वरून धातूची जाळी. ही काळी तार आणि जाळी डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पत्र्याला जोडलेली असते आणि तो पत्रा तीन पिनांच्या प्लगमधून इमारतीच्या अर्थला. म्हणजे मापं मिळावीत म्हणून आपण केबल लावतो, तेव्हा विद्युतदृष्ट्या आपण दोन वस्तूंचे पत्रेही एकमेकांना बांधतो. जुन्या नऊ पिनांच्या सिरीयल केबलीतही पाच नंबरची पिन हेच करते. दोन्ही पत्रे एकाच पातळीवर असतील तर काही होत नाही. नसतील तर तो फरक मिटवायचं काम त्या बारीक तारेवर येतं.

आता जमिनीबद्दल. अर्थिंगसाठी आय.एस. ३०४३ हे भारतीय मानक आहे आणि तांब्याची साठ सेंटिमीटर चौरस पाटी, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं, ही त्यातली रचना जुन्या वायरमनना पाठ असते. ह्या सगळ्याचा जीव ओलाव्यात आहे. आपल्या घाटमाथ्यावर हातभर माती, मग मुरूम आणि खाली काळा कातळ. कोरडा कातळ वीज जवळजवळ नेतच नाही. कोकणात जांभा, त्यात पाणी टिकत नाही. पावसाळ्यात खड्डा उत्तम चालतो, दिवाळीपर्यंत बरा असतो, होळीनंतर सुकत जातो. आणि आपल्या वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षा कधी असतात? मार्च-एप्रिलमध्ये. ज्या दिवसांत लॅबमधली सगळी उपकरणं एकदम चालू असतात, नेमक्या त्याच दिवसांत जमीन हात वर करते.

मी काही कॉलेजांच्या फायलीत अर्थिंग तपासणीची सर्टिफिकेटं पाहिली. रोध दोन ओहम, तीन ओहम, झकास. तारीख बघावी तर ऑगस्ट. ऑगस्टमध्ये माझ्या घरामागची वीतभर खोल रोवलेली पहारसुद्धा बरी अर्थिंग देईल. म्हणून पहिली विनंती अशी की मोजणी एप्रिलमध्ये करून घ्या, अर्थ टेस्टर घेऊन आलेल्या माणसाच्या शेजारी विभागातलं कुणीतरी उभं राहू द्या, आणि दोन इमारतींचे दोन खड्डे असतील तर ते जाड पट्टीनं एकमेकांना जोडून घ्या. खर्च एका डीएसओपेक्षा कमी येतो.

खड्डा नसला की आपल्याकडे एक शॉर्टकट मारतात. त्याबद्दल लिहिताना मला भीतीच वाटते. सॉकेटमध्ये अर्थची वायर आलेलीच नसते, मग वायरमन अर्थच्या पिनला सॉकेटच्या आतच न्यूट्रल जोडून देतो. टेस्टरनं बघितलं तर सगळं ठीक. फेज आणि अर्थमध्ये दिवा लावला तर पेटतो. पण मागे कुठे न्यूट्रलचा सांधा सुटला की त्या पॉइंटवरच्या प्रत्येक उपकरणाचा पत्रा २३० व्होल्टवर चढतो, मग तो कॉम्प्युटरचा असो की मुलीनं हात टेकलेल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा. असे सॉकेट मी तीन कॉलेजांत स्वतः उघडून पाहिले. एक तर 'डिजिटल लॅब' असा बोर्ड लावलेल्या खोलीत होता.

अर्थ अजिबात नसेल तेव्हाची गोष्ट आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हाताची पाठ लावली की झिणझिण्या येतात. त्यात भुताटकी नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. पत्रा अर्थला नसला की तो ह्या दोघांच्या बरोबर मध्यावर तरंगतो, म्हणजे सव्वाशेच्या जरा खाली. त्यातून वाहणारा प्रवाह फार थोडा असतो, माणूस दचकतो आणि वाचतो. पण केबल घुसवताना हा सगळा भार, जी पिन आधी टेकते तिच्यातून जातो. यूएसबीच्या कनेक्टरमध्ये वीज आणि ग्राउंडच्या पट्ट्या मुद्दाम लांब ठेवतात, त्या आधी टेकाव्यात म्हणून. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची जाड पिन लांब असते तीही त्याचसाठी. ज्यांनी हे ठरवलं त्यांना कळत होतं. आपण मात्र ती जाड पिन सॉकेटात जात नाही म्हणून करवतीनं कापतो. माझ्या बॅगेत अशा पाच पिना आहेत. विचारलं की एकच उत्तर: "आधीपासून तशीच आहे, सर."

सीआरओच्या बाबतीत तर ही कापाकापी शिकवली जाते. मेनला जोडलेल्या सर्किटवर प्रोब लावला की फ्यूज उडतो, कारण प्रोबची काळी क्लिप थेट अर्थला असते. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थपिन काढायची, मग फ्यूज उडत नाही. उडत नाही हे खरं, पण आता अख्खा सीआरओ त्या क्लिपच्या व्होल्टेजवर बसलेला असतो. पूर्वी त्याचा धोका त्याला हात लावणाऱ्यापुरता होता. आता त्याच्या पाठीला यूएसबी आहे आणि यूएसबीच्या पलीकडे कॉम्प्युटर आहे. मेनवरच्या सर्किटचं माप घ्यायचंच असेल तर डिफरन्शियल प्रोब मिळतो. महाग आहे, मान्य. विभागात एक पुरतो.

जळालेलं निदान दिसतं. माझी खरी काळजी न दिसणाऱ्याची आहे, आणि आपण विज्ञान शिकवता म्हणून ती आपल्याला अधिक वाटायला हवी. थर्मोकपल घ्या. के टाइपचं थर्मोकपल १०० अंशाला जेमतेम ४.१ मिलिव्होल्ट देतं, म्हणजे एका अंशाला एक्केचाळीस मायक्रोव्होल्ट. त्याचं टोक धातूच्या ब्लॉकला टेकलेलं, ब्लॉक हीटरच्या अर्थला, आणि दुसरीकडे डेटा कार्ड कॉम्प्युटरच्या अर्थला. ह्या दोन अर्थांत एक मिलिव्होल्टचा फरक असला तरी तापमान चोवीस-पंचवीस अंशांनी चुकतं. पडद्यावर मात्र आकडा येतो दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत. मुलगा तो जर्नलमध्ये उतरवतो, आलेख काढतो, बिंदू सरळ रेषेत बसत नाहीत म्हणून मागच्या वर्षीच्या जर्नलातले आकडे घेतो, आणि बाहेरचे परीक्षक सही करतात. जुन्या काळी काट्याचं मीटर थरथरायचं तेव्हा 'काहीतरी गडबड आहे' एवढं तरी कळायचं. कॉम्प्युटर सरासरी काढून थरथर पुसून टाकतो. मी एका लॅबमध्ये लॅपटॉपचा चार्जर उपटला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला, तेच रीडिंग पुन्हा घेतलं. एकोणीस अंश फरक. विभागप्रमुख बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "हे किती वर्षांपासून असेल?"

त्या बाईंचं मला कौतुक वाटलं. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न 'बिल किती?' असतो.

उपाय आहे आणि तो जुना आहे. दोन बाजूंना विजेनं तोडायचं आणि माहितीनं जोडायचं. ऑप्टोकपलरमध्ये एका बाजूला छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा डोळा असतो, मध्ये तार नसते. यूएसबीसाठी आयसोलेटर मिळतात, ॲनालॉग डिव्हाइसेसच्या एडीयूएम ४१६० सारख्या चिपवर बनवलेले. तिच्या आत नखापेक्षाही लहान ट्रान्सफॉर्मर असतात आणि ती मिनिटभर ५,००० व्होल्ट सोसेल अशी रेटिंग आहे. लहानसा डबा, काही हजार रुपयांत येतो. एक मेख लक्षात ठेवा. तो सेकंदाला १२ मेगाबिट वेगाचा आहे. तराजू, पीएच मीटर, तापमानाचं कार्ड ह्यांना भरपूर, पण ४८० मेगाबिटवरच चालणारं उपकरण त्यातून चालणार नाही. त्यासाठी वेगळा, महाग आयसोलेटर लागतो. आणि दर्जेदार आयसोलेटर कधी येईल तेव्हा येईल, तोवर सगळ्यात स्वस्त आयसोलेटर म्हणजे चार्जर काढलेला लॅपटॉप. त्याला प्रिंटर किंवा प्रोजेक्टर जोडलेला नसावा, नाहीतर तिथून अर्थ परत आत शिरतो. काचेतून वीज जातच नाही, म्हणून अंतर मोठं असेल तिथे ऑप्टिकल फायबर. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या तीस मोठ्या डिश पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि त्यांचे संकेत फायबरनंच मध्यवर्ती इमारतीत येतात. आपल्या सहली तिथे जातातच. पुढच्या वेळी मुलांना डिशबरोबर ती केबलही दाखवा.

खरेदी समितीला आता थेट बोलतो. आपण तीन दरपत्रकं मागवता, सर्वांत कमी दराचं निवडता. नियमच आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण तुलनेच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: 'कॉम्प्युटर पोर्ट आयसोलेटेड आहे का?' विक्रेत्याला होय किंवा नाही लिहू द्या. बहुतेकांना प्रश्नच कळणार नाही आणि तेही उत्तरच आहे. डेमोला तो स्वतःचा लॅपटॉप आणतो, बॅटरीवर चालवतो, सगळं सुरळीत दिसतं. त्याला म्हणा, आमच्या कॉम्प्युटरवर, आमच्या सॉकेटवर लावून दाखव. केबल त्याच्याकडूनच, बिलात लिहून घ्या. सॉफ्टवेअरची सीडी किंवा पेनड्राइव्ह, लायसन्सची किल्ली आणि पोर्टच्या पिनांची माहिती हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. बाजारात यूएसबी-सिरीयल केबली नकली चिपच्या मिळतात. २०१४ साली एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनं विंडोज अपडेटमधून येऊन अशा नकली चिपांची ओळखच पुसली होती आणि जगभरातल्या केबली रातोरात मुक्या झाल्या. शंभर रुपये वाचवलेली केबल कधी तोंड मिटेल, सांगता येत नाही.

स्वस्त उपकरणाला माझा विरोध आहे असं कृपया समजू नये. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरनं बनवलेलं एक्स्पआइज माझ्या मते आपल्याकडच्या प्रयोगशाळांना मिळालेली मोठी देणगी आहे. हातावर मावणारी पेटी, यूएसबीवर चालते, सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं. पण ती काय सोसते हे त्यासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि तेवढंच पान कुणी वाचत नाही. मोठ्या व्होल्टेजच्या इनपुटची मर्यादा अधिक-उणे १६ व्होल्ट. आपल्या लॅबमधला १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कपाटातून निघतो, 'बारा म्हणजे सोळाच्या आत' म्हणून जोडला जातो. बारा हे आरएमएस. शिखर सतराला जातं, आणि भार नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा जास्तच देतो. हे गणित आपण दुसऱ्याच महिन्यात फळ्यावर शिकवता. दोन रोधांचा विभाजक लावला की प्रश्न मिटतो. तसंच प्रोजेक्टवाली मुलं जुन्या तराजूची सिरीयल केबल सरळ आर्डुइनोच्या पायाला जोडतात. तिकडून येतात अधिक-उणे बारा व्होल्टच्या आसपास, पाय सोसतो पाच. मध्ये मॅक्स २३२ ची चिप हवी, ती चहा-वड्याच्या किमतीत येते.

आणि एक गोष्ट मात्र विनंती म्हणून लिहीत नाही, निक्षून सांगतो. हृदयाचे ठोके कॉम्प्युटरवर दाखवायचा प्रोजेक्ट हल्ली प्रत्येक प्रदर्शनात असतो. मुलाच्या छातीला तीन चिकट इलेक्ट्रोड, त्यातून तार एका छोट्या बोर्डाला, बोर्ड यूएसबीनं लॅपटॉपला आणि लॅपटॉप चार्जरवर. इलेक्ट्रोडखालची जेल कातडीचा रोध मुद्दाम कमी करते. म्हणजे एरवी ज्या गळतीनं झिणझिण्या येतात तिला आपण छातीत सरळ रस्ता करून देतो. दवाखान्यातली यंत्रं ह्यासाठी वेगळ्या मानकांवर, रुग्णाच्या बाजूला पूर्ण तोडलेली बनवतात. आपल्या टेबलावर तसं काही नसतं. चार्जर, प्रोजेक्टर, प्रिंटर, सगळं काढल्याशिवाय कुणाही मुलाच्या अंगाला इलेक्ट्रोड लागता कामा नये. ह्यासाठी प्रदर्शनाच्या दाराशी एक माणूस उभा करावा लागला तरी करा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात, कारण ते माझं क्षेत्र नाही. जुन्या उपकरणाचा जुना कॉम्प्युटर निर्लेखनात काढू नका. त्यातलं कार्ड आणि प्रोग्राम नव्यावर चालेलच असं नाही. त्यावर विंडोज एक्सपी असेल तर त्याचा आधार २०१४ सालीच संपला आहे, म्हणून तो कॉम्प्युटर नेटवर्कला जोडू नका, आणि त्यासाठी एकच पेनड्राइव्ह दोरीनं टेबलाला बांधून ठेवा. त्या कॉम्प्युटरच्या अख्ख्या डिस्कची एक प्रत काढून कपाटात ठेवा. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाच्या कॉम्प्युटरला अपडेट आणि झोप दोन्ही बंद. कोणती केबल कोणत्या भोकात, हे रंगीत टेप लावून ठरवा. भोक बदललं की पोर्टचा नंबर बदलतो आणि जुना प्रोग्राम चौथ्याच्या पुढे मोजत नाही. एका केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तर कॉम्प्युटर चालू केला की माऊसचा बाण आपोआप पडदाभर नाचायचा. वजन वाढवलं की वेगळा नाचायचा. अतृप्त आत्म्यापर्यंत चर्चा गेली होती. डिजिटल तराजू सतत आकडे पाठवत होता आणि विंडोज त्यालाच सिरीयल माऊस समजत होतं. तराजू 'बटण दाबल्यावरच पाठव' असा सेट केला, आत्मा शांत झाला.

रोजच्या कामासाठी एवढंच सांगेन की उपकरण आणि त्याचा कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, एकाच खोलीच्या विजेवर लावा. केबल जोडायच्या आधी दोन्ही पत्र्यांमध्ये मीटर लावून बघा. एक-दोन व्होल्ट असतील तर जोडा. पाचाच्या वर असतील तर थांबा. शंभराच्या आसपास दिसले तर दोघांपैकी एकाला अर्थच नाही. दोन्हींचे प्लग आधी, केबल मग, स्विच सगळ्यात शेवटी. हा मजकूर लॅबच्या भिंतीवर मराठीत लावा. इंग्रजी मॅन्युअल कपाटात कुलूपबंद असतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या सरांकडे असते.

शेवटी मामांबद्दल. पूर्वी लॅबमध्ये एक प्रयोगशाळा सहायक आणि एक-दोन मामा असायचे. खड्ड्यात पाणी घालणं कुठल्याही नेमणूकपत्रात नव्हतं, पण ते घालायचे. कुणाच्या तरी आधीच्या मामांनी त्यांना सांगितलेलं असायचं. आता ते निवृत्त होतात, जागा रिकामी राहते आणि ती बादलीही त्यांच्याबरोबर निघून जाते. भरती आपल्या हातात नाही हे मी जाणतो. पण कामाच्या यादीत 'अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी, फेब्रुवारी ते जून, दररोज' ही एक ओळ लिहिणं आपल्या हातात आहे, आणि ती करणाऱ्याचं नाव त्यापुढे लिहिणंही.

माझ्या लिहिण्यानं कुणाचा अवमान झाला असल्यास क्षमस्व. बोलवाल तेव्हा येईनच.



आपला नम्र,
उपकरणं दुरुस्त करणारा एक कारागीर

ता. क. : वर सांगितलेल्या कॉलेजात फर्नेस दुरुस्त झाली, आयसोलेटर आला, तिसरा कॉम्प्युटर अजून टिकून आहे. खड्ड्याचं काम मात्र अडलंय, कारण पेव्हर ब्लॉक उखडायला बांधकाम समितीची मंजुरी लागते आणि समितीला नेमकी जागा नकाशावर हवी आहे. मामा येत्या ३१ मेला निवृत्त होतात. त्याआधी कुणीतरी त्यांना नळामागे घेऊन जावं आणि ते बोट दाखवतील त्या ब्लॉकवर रंगानं फुली मारून ठेवावी.